जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात

वस्तादांची गॅरेजमध्ये एकच मिजास होती. गाडीतून काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. "बघून घ्या, साहेब. आपल्याकडे फसवाफसवी नाही." चाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी न चुकता म्हटलं. लोकांच्या गाड्यांत जीव ओतला. घरची गाडी मात्र 'रविवारी बघू' करत तशीच राहिली.

ती गाडी बायकोची. बाई नर्स, कायम पहाटेची ड्यूटी. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात तिने सांगून टाकलं, "मी बहिणीकडे राहायला जाते, कायमची. तिकडे डोंगरात थंडी फार. तेवढा हीटर चालू करून घेतला की निघाले." न भांडता सांगितलं, म्हणून वस्ताद घाबरले. भांडली असती तर समजूत काढता आली असती. वर तिने गाडी परस्पर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली होती. त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं, थर्मोस्टॅट आणि पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर, दोन्ही बदला. नवे पार्टही तीच घेऊन आली. हे वस्तादांच्या जिव्हारी लागलं.

"माझ्या घरच्या गाडीला परका हात लागणार नाही," ते म्हणाले. मनात वेगळंच होतं. हे एक काम फक्कड करून दाखवलं तर ती राहील, असं या शहाण्याला खरोखर वाटत होतं.

रविवारी सकाळी, इंजिन गार असतानाच, त्यांनी रेडिएटरखाली कपडे भिजवायचा टब सरकवला आणि पाणी सोडलं. वरचा पाइप काढला, दोन बोल्ट ढिले केले, झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप. तिची जागा रिकामी. कुठल्या गाढवाने काढली, म्हणून वस्तादांनी शिवी हासडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

गाढव ते स्वतःच होते. अकरा वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात गाडी उकळली होती, गॅरेजात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्यांनी झडप उपटून फेकली, नवीन नंतर बसवू म्हटलं आणि साफ विसरले. झडपेशिवाय इंजिन धड तापत नाही, हीटर गार वारा फेकतो, हे गॅरेजातलं पोरसुद्धा सांगेल. दर हिवाळ्यात ती म्हणायची, "अहो, तापमानाचा काटा हलत नाही, हीटर गार लागतो." पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणायचे, "काटा बिघडलाय. आणि तुझ्या अंगातच रक्त कमी आहे." ती गुडघ्यांवर शाल टाकून ड्यूटीला जायची.

वस्तादांनी नवी झडप बसवली, स्प्रिंग इंजिनाकडे. जुना सेन्सर काढून नवा आधी हाताने, मग पान्याने जेमतेम आवळला. पाणी भरलं, हवा काढली, इंजिन चालू ठेवलं. काटा हळूहळू मध्यावर येऊन थांबला.

ती बाहेर आली, आत बसून हीटरपुढे हात धरला आणि चक्क हसली. "किती छान ऊब येते हो." वस्तादांच्या जिवात जीव आला.

"जुने पार्ट कुठायत?" तिने विचारलं. "सगळ्यांना देता ना?"

ते भंगाराच्या डब्याकडे गेले, कुठल्यातरी गाडीचा थर्मोस्टॅट उचलला, सेन्सरसोबत कागदात गुंडाळून आणला. तिने दोन्हींवरून अंगठा फिरवला. सेन्सर ओला होता. थर्मोस्टॅटवरची धूळ अंगठ्याला लागली.

"हा कुणाचा?"

नर्सपुढे खोटं टिकत नाही. वस्तादांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

तिने काट्याकडे पाहिलं. "म्हणजे गाडी धडधाकट होती," ती म्हणाली. "आणि मीही. तुम्ही म्हणालात म्हणून दर हिवाळ्यात लोहाच्या गोळ्या खाल्ल्या मी. नर्स असून!"

"अगं, विसरलो मी."

"तेच तर."

तिने घरातून बॅगा आणून मागच्या सीटवर ठेवल्या. पुढच्या सीटवरची विटलेली शाल उचलली, नीट घडी घातली आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिली.

"हा पण जुना पार्ट," ती म्हणाली. "बघून घ्या."

आणि काच वर केली.