नरसिंहाचे हात

"सोडू नका बरं मास्तर!" हे त्यांचे पालुपद. माझ्या मोटारसायकलवर मागे बसले तरी हेच. धरायचे मागच्याने की पुढच्याने, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. हसनाबादच्या बाजाराला जाताना त्यांची बोटे माझ्या खांद्यात रुतलेली असत. आणि असा हा भित्रा गिरणीवाला आमच्या गावचा नरसिंह होता!

आमच्याकडे नृसिंह जयंतीला सोंगे निघतात. एकेक सोंग एकेका घराकडे, पिढीजात. नरसिंहाचा लाकडी मुखवटा त्यांच्या घरचा, हिरण्यकश्यपू पलीकडच्या आळीतल्या एका घरचा. दिवेलागणीला देवळाच्या उंबऱ्यावर नरसिंह बसतो, हिरण्यकश्यपूला मांडीवर आडवा घेतो आणि त्याच्या पोटावर बांधलेली कुंकवाच्या पाण्याची पिशवी पितळी नखांनी फोडतो. मुखवटा चढला की अंगात येते, असे गाव मानते. म्हणून नरसिंहाच्या कमरेला शेला बांधून तो मागून कोणीतरी ओढून धरायचा. माझा देह पाहून गावाने ते काम मला दिले. माझ्या शिकवण्याचे एवढे कौतुक कधी झाले नाही.

सोंग उतरले की लोक त्यांच्याभोवती गोळा होत. ते घाम पुसत म्हणत, "मला काही याद न्हाई बाप्पा."

दुपारी गिरणीवर बसून मी त्यांना देशोदेशीच्या नाटकांच्या गोष्टी सांगत असे. जपानात नट मुखवटा चढवण्याआधी त्याला नमस्कार करतो, हे त्यांना फार पसंत पडले. जुन्या ग्रीक नाटकांत खून सहसा लोकांसमोर दाखवत नसत, आतून नुसती किंकाळी ऐकू येई, असे सांगितले तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली.

"शहाणे लोक व्हते," ते म्हणाले. मी हसलो. तेव्हा मला त्यात गंमत वाटली.

मग त्यांची लेक माहेरी परत आली. गावातच दिलेली, हिरण्यकश्यपूच्या घरात. पाठीवर वळ होते आणि ती पोटुशी होती. त्याच वर्षी तिच्या सासऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि सोंग नवऱ्याकडे आले. सोंग मोडायचे नाही ही रीत, त्यामुळे सगळे गाव गप्प राहिले.

जयंतीच्या सकाळी ते माझ्याकडे आले. चहाला हात लावला नाही.

"मास्तर, औंदा शेला बराबर धरा."

"दरवर्षी धरतोच की."

"दरवर्षीचं येगळं. लोक म्हणतात, अंगात आल्यावर माणसाला काही कळत न्हाई. मला सगळं कळतं. सगळं याद राहतं. माझ्या अंगात कधी आलंच न्हाई, मास्तर."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आज काही झालं तर लोक म्हणतील, देवानं केलं. मला कोणी बोल लावणार न्हाई. त्याचंच भेव वाटून राह्यलं."

"मग मुखवटा घालूच नका."

"मंग पुतण्या घालंन. तो तर बहिणीसाठी पेटलेलाच हाय."

संध्याकाळी ढोल सुरू झाले. जावई दात काढत सासऱ्याच्या मांडीवर आडवा झाला. पिशवी फुटली, लाल पाणी पायऱ्यांवरून वाहिले. सोंग इथे संपते. पण त्यांचा हात वर सरकला आणि गळ्यावर बसला. जावई पाय झाडू लागला. लोकांनी जयजयकार केला. इतके जिवंत सोंग त्यांनी कधी पाहिले नव्हते. मी सगळा जोर लावून शेला ओढला आणि पाठीवर आपटलो. कमरेची गाठ सुटून अख्खा शेला माझ्या हातात आला होता. मी ओरडलो, पण त्या ढोलांत कोण ऐकणार? आता हा मेला, एवढेच माझ्या मनात आले. भीतीने मला उठवेना.

आणि त्यांनी बोटे उघडली. एक, मग दुसरे, सावकाश.

जावई आरतीला थांबलाच नाही. त्याच आठवड्यात त्याने गाव सोडले. नरसिंहाने त्याला अद्दल घडवली, असे लोक अजून भक्तिभावाने सांगतात.

मुखवटा उतरवून ते माझ्याजवळ आले.

"बरं झालं तुम्ही वढलं."

"अहो, शेला सुटला होता. तुम्ही स्वतः थांबलात."

"मन राखू नका, मास्तर. मला याद हाय. मी थांबणार नव्हतो."

मी शेला दाखवला, देवाची शपथ घेतली, शेवटी चिडलोसुद्धा. त्यांनी ऐकले नाही. गिरणी विकून ते लेकीसोबत जालन्याला गेले. त्यांच्या दाराचे कुलूप पाहिले की मला अजून गलबलते.

मध्यंतरी मी त्यांना भेटून आलो. नात रांगत आली आणि आजोबांच्या मांडीवर चढून त्यांच्या मिशा ओढू लागली. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते. पोर एका बाजूला कलंडू लागली, तरी ते हात बाहेर निघेनात.

"धरा तिला, मास्तर," ते म्हणाले. "जल्दी धरा."