आमच्या घरची लाजाळू

तुमच्या तोंडापायी कधी पोटच्या पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं आहे का? माझ्या तोंडापायी राहिलं आहे!

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हाची गोष्ट. मंत्रालयात लागलेला मुलगा आमच्या रश्मीला मनापासून आवडला होता. त्याचे आईवडील दुर्गहून घरी आले.

आता माझी एक खोड. कोणी "दुखतं" म्हटलं की माझ्यातली वैद्यीण जागी होते. केसांना माका, गजकर्णाला तरोट्याचा पाला, जखमेला लाजाळू आणि सुजलेल्या गुडघ्याला बेशरम. हसू नका, नाल्याकाठच्या त्या जांभळ्या फुलांच्या झुडपाला सारे बेशरमच म्हणतात! अभनपुरहून आणून लाजाळू अन् बेशरम दोन्ही मी घरामागे लावल्याही होत्या.

मुलाची आई बसताना नुसतं "आई गं, गुडघा!" म्हणाली. झालं! पंधरा मिनिटं मी झाडपालाच सांगत होते. बाई कंटाळल्या. रश्मी आत पोहे करत होती, तिकडे पाहून त्यांनी विषय बदलला.

"लाजाळू आहे का हो?"

मी आपली झाडातच!

"होती. उन्हाळ्यात वाळली. आता नुसती बेशरम आहे."

त्यांचा कप ओठांपाशीच थांबला. "काय बोलून राहिल्या ताई तुम्ही?"

"खरं तेच सांगून राहिली. कितीदा छाटली, पण ऐकेल तर शपथ! साऱ्या पाऱ्याले, मोहल्ल्याले माहीत आहे, कोणालेही विचारा."

आमचे हे जोरजोरात खोकू लागले. मला वाटलं, यांना अडुळसा द्यावा.

"तुम्ही आजच घेऊन जा," मी म्हटलं. "तेल लावा, तव्यावर शेका अन् बांधून ठेवा. आठ दिवसांत फरक!"

"पोट्टीले तव्यावर?" मुलाचे वडील उभेच राहिले.

तेवढ्यात रश्मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात. "मम्मी! वो मेरे बारे में पूछ रही हैं!"

मी धावत मागे गेले, फांदी तोडून आणली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "ही! ही बेशरम! आमची पोट्टी नाही!"

कोणी हसलं नाही. पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून मंडळी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मुलाची आई होती.

"रश्मी बेटा, तू आम्हाले पसंत आहे. पण पुढची बोलणी तुझ्या बाबांशीच करू. आईले मध्ये घेऊ नको."

फोन मी उचलला होता.