नम्रतेत पहिला नंबर

धुळ्यातल्या आमच्या चर्चमध्ये मी दर रविवारी मुलांना शिकवते. वर्गातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. साडीला लागलेल्या खडूसारखे ते आपोआप घरी येतात.

यंदा मी ठरवलं, वर्षभर दोनच गोष्टी शिकवायच्या: ख्रिस्ताचा आनंद आणि त्याची नम्रता. चर्चच्या कमिटीतले नाना मान हलवत म्हणाले, "बाई, हे मोठ्यांना जमत नाही. पोरांना गाणी शिकवा."

"गाणीही शिकवेन," मी म्हटलं.

*

सुरुवात तक्त्याने केली. जो नम्रपणे वागेल, त्याच्या नावापुढे एक चांदणी. तिसऱ्याच रविवारी आठ वर्षांचा सॅम्युअल तक्त्यापुढे उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "बघा, नम्रतेत माझा पहिला नंबर!"

तक्ता मी त्याच दिवशी उतरवला.

*

मग आनंद घेतला. चार मुद्दे लिहून नेले होते. आधी मुलांनाच विचारलं, "आनंद कधी होतो?"

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून इथल्या होस्टेलला आलेली सलोमी वर्गात कधी बोलायची नाही. ती उठली. "मनी माय एसटीमाईन उतरस ना, तवय."

आई एसटीतून उतरते, तेव्हा. मुद्द्यांचा कागद मी पर्समध्ये ठेवला.

*

प्रार्थनेची पाळी सॅम्युअलची होती. शेजारी वर्गातलाच दानीएल बसला होता. डोळे घट्ट मिटून तो म्हणाला, "देवा, मला नम्र कर. पण दानीएलला आधी कर."

मी घरी जाऊन पुन्हा तयारीला लागले.

*

पुढच्या रविवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट सांगितली. त्यांच्यातला पेत्र पाय धुऊ न देता आधी कसा अडून बसला, तेही. सोबत टब, पाणी, टॉवेल. वाटलं होतं, पाय धुवायला कोणी पुढे येणार नाही. झालं उलटंच. टॉवेलवरून ओढाताण सुरू झाली. सगळ्यांना येशू व्हायचं होतं, पाय पुढे करायला एकही तयार नाही.

नेमके नाना दारात. "मी सांगितलं होतं ना, बाई?"

तेवढ्यात टॉवेल सलोमीच्या हाती आला. ती थेट त्यांच्यापाशी गेली. "नाना, तुम्ही बसा."

"छे, छे. माझे पाय कोणी धुवायचे नाहीत."

"नाना, पेत्रपण असंच म्हणाला होता."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मुलांच्या बुटक्या बाकावर बसले आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागले.