उजवीकडे कोण होतं?

मिलिंद गेल्याचा निरोप अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर आला आणि मला तो खरा वाटला नाही. धक्क्यामुळे नव्हे, सवयीमुळे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात आता कशावरच पटकन विश्वास ठेवत नाहीत. उमेदवाराचा अनुभव बनावट असू शकतो. मुलाखत एक जण देतो आणि कामावर भलताच रुजू होतो. मी आधी तो नंबर तपासला, मग मिलिंदच्याच फोनवर फोन लावला. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी उचलला. मागून बायकांचे आवाज येत होते... अकोल्याहून अमरावतीला जाताना बसमध्ये मी तोच विचार घोळवत होतो. हार्ट अटॅक म्हणतात, पण खरंच तोच का? ती शंका खोटी निघाली. परतवाड्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतानाच तो कोसळला, मुलांनीच त्याला दवाखान्यात नेलं. पण मला ती शंका का आली, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. लहानपणी कान फुटून मिलिंदचा उजवा कान कायमचा गेला होता. म्हणून तो बाकाच्या उजव्या टोकाला आणि मी त्याच्या डावीकडे. समोरचा बोलू लागला की तो मान उजवीकडे वळवून डावा कान पुढे करायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हा भलतीकडेच पाहतोय. एकदा तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी दरडावून विचारलं, "तिकडे भिंतीवर काय लिहिलंय?" मिलिंद म्हणाला, "काई नाई सर, ऐकून राहिलो." सर चिडले. मी दारातच उभा होतो, आत जाऊन त्याच्या कानाचं सांगितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू वकील काऊन नाई झाला बे, गजू?"

पुढे दोघंही पुण्यात गेलो. तो एका बँकेच्या जुन्या प्रणालीवर बरीच वर्षं होता. तिचे खाचखळगे त्याला पाठ होते, पण ती प्रणाली बंद झाली आणि त्याच्यासारख्यांची गरजही संपली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला हल्ली विचारतात, टीम सांभाळली ते ठीक, कोड लिहिता येतो का अजून? त्याला येत होता. अमरावतीला परतून घरी बसल्या बसल्या त्याने क्लाऊडचं सगळं नव्याने शिकून घेतलं, एआयकडून काम कसं करवून घ्यायचं तेही. मी तोवर अकोल्यात घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करत होतो, आणि उमेदवार निवडणाऱ्यांत माझं नाव असायचं.

एका सकाळी मुलाखतीच्या वेळापत्रकात त्याचं नाव दिसलं. उमेदवार ओळखीचा असेल तर आधी कळवायचं, असा आमचा नियम आहे. मी कळवलं नाही. वाटलं, गुपचूप मदत होईल. मग भीती वाटली. आमच्याकडेही माणसं कमी करणार अशी कुजबुज होती, कोण कोणावर नजर ठेवून आहे कळत नव्हतं. नेट मंद आहे असं सांगून मी कॅमेरा बंद ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, तोही इंग्रजीत. उमेदवाराने इअरफोन लावायचा नाही असाही नियम, कारण त्यातून कोणी उत्तरं सांगतं. म्हणून मिलिंद लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होता. प्रत्येक प्रश्नाला मान उजवीकडे जायची, क्षणभर थांबायचा आणि अचूक उत्तर द्यायचा. उत्तरं फारच अचूक होती.

तो कॉलवरून गेल्यावर बाकीचे प्रश्न विचारणारी माझी तरुण सहकारी म्हणाली, "सर, उजवीकडे कोणीतरी बसलं होतं. नाहीतर स्क्रीन होती. तुम्हाला काय वाटतं?"

त्याच्या कानाचं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग तुम्हाला कसं माहीत, हा प्रश्न आला असता.

"असेल," मी म्हणालो.

आठवड्याभराने त्याचाच फोन आला. कुठल्या कंपनीत मुलाखत दिली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "मले नाई घेतलं. म्हणे बाजूनं कोनी सांगून राहिलं होतं," तो हसत होता. "उजव्या बाजूनं, लेका. बरं झालं, तो कान चालते असं कोनाले तरी वाटलं." मीही हसलो. तो फोन मी नंतर कितीदा मनात उलटसुलट करून पाहिला आहे. मला माहीत आहे, हे त्याला माहीत होतं का? तो मला बोलतं करत होता का? त्यानंतर त्याने परतवाड्याचा क्लास धरला. रोजचा बसचा प्रवास. मी फोन कमी केले.

दिवसकार्य उरकल्यावर पुन्हा अमरावतीला गेलो. वहिनींनी चहा दिला, "भाऊजी, साखर चालते ना अजून?" एवढंच विचारलं, तर मला त्यातही काहीतरी दुसरं ऐकू आलं. त्याच्या खोलीत टेबल, लॅपटॉप, खुर्ची. आणि खुर्चीच्या मागे वहिनींच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा, जरा तिरका ठेवलेला. हा इथे कसा, मी विचारलं.

"त्या मुलाखतीनंतर त्यायनंच आणून ठेवला. म्हणे, कॅमेऱ्यात आरसा दिसन अन् आरशात उजवीकडची भिंत. पाहा म्हणा, कोनी नाई."

तेव्हा मी सांगितलं. कॅमेरा बंद होता इथपासून 'असेल'पर्यंत. वहिनी ऐकत राहिल्या. मग कप उचलता उचलता म्हणाल्या, "आवाज वळखला होता त्यायनं. एकच कान होता, पन पक्का होता."

"मग मला बोलला का नाही?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणे, गजूनं कॅमेरा बंद ठेवला म्हणजे त्याची काई अडचन असन. पुढच्या वेळी माह्यासाठी कोनाले बोलाची पाळीच नको." त्यांनी आरशाकडे पाहिलं. "म्हनून हा."

हे छापायला त्यांची हरकत नाही, मी विचारूनच लिहितो आहे. माझ्या कंपनीतही सगळं कळवलं आहे, पुढे काय होईल ते होवो. आरसा परत आतल्या खोलीत नेऊ का, असंही मी त्यांना विचारलं. राहू द्या म्हणाल्या, केस विंचरायला आता इथेच येते.

निघण्याआधी मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि तो वळवायचा तशी मान उजवीकडे वळवली. पांढरी भिंत होती. तिच्यावर एक खिळासुद्धा नव्हता.