खाऊ तेवढा लपवला

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना घेऊन गेला. त्या परत आल्या नाहीत. पौषात तिकडेच वारल्या.

मलकापुरात त्या आमच्या समोर राहत, एकट्या. आमच्याकडे कोजागरीपर्यंत महिनाभर घरोघरी भुलाबाईची मातीची मूर्ती बसते. संध्याकाळी मुली गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा असतो. काकूंचा खाऊ सहसा कुणाला ओळखता येत नसे. आवाज फसवा यावा म्हणून त्या लाडवांभोवती चिंध्या कोंबत. डबा हलवत म्हणत, "सांगा व पोरीहो, नाहीतर मीच खाईन!" अशी निरागस लबाडी तुम्हीही कुणा म्हातारीत पाहिली असेल.

पुढे मुली शिकवण्यांमध्ये अडकल्या. एका वर्षी दोघीच आल्या. मग काकूंनी जवळपासचे कार्यक्रम दाखवणारं एक ॲप फोनवर घेतलं आणि स्वतःच निमंत्रण टाकलं. कोणती माहिती लपवायची, असं त्यात विचारलं होतं. काकूंनी खाऊचं नाव लपवलं. पत्ता आणि फोन नंबर उघडे राहिले. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'घरी एकटीच असते, कधीही या.'

"काकू, हे सगळं कशाला दिलं?" मी विचारलं.

"मंग पोरी येतीन कशा, सर? खाऊ मात्र कोणालेच दिसत नाही. पक्कं पाह्यलं म्या."

फोन येऊ लागले. एका परक्या पुरुषानं विचारलं, "आजी, खरंच एकट्या राहता का?"

"हाव बाप्पा. तुमच्या पोरीले पाठवा."

कोजागरीला अंगण भरलं. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी फोटो काढले आणि ते ॲपवर निमंत्रणाखाली जाऊन बसले. फोटोंखाली अनोळखी माणसांनी नको ते लिहिलं. सकाळी मुलींच्या आया दारात उभ्या राहिल्या.

"आमच्या पोरीयचे चेहरे साऱ्या दुनियेले दिसून राह्यले, काकू. आता नाही पाठवत आम्ही."

त्या गेल्यावर काकू आणि मी ओट्यावर बसून फोटो काढून टाकायचं बटण शोधत राहिलो.

"टाकाले सोपं होतं, सर. काढाले काऊन सापडत नाही?"

त्यांचा अंगठा काचेवर नुसताच फिरत होता. मुलाला कुणीतरी कळवलं होतंच. दिवेलागणीला त्याची गाडी आली.

दिवाळीत त्यांचा पुण्याहून फोन आला. "इथं बी डबा वाजवून पाह्यला, सर. कोणी विचारलं नाही, आत काय हाय म्हणून."

"काय होतं?"

"ओळखा."

मी शेव म्हणालो, चिवडा म्हणालो. त्या हसत राहिल्या. उत्तर दिलं नाही.

समोरचं घर बंद आहे. यंदा आमच्या गल्लीत भुलाबाई बसली नाही.