सुरमई, बोंबील आणि सायलीचं मेडिकल

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम., सेकंड क्लास, एकाही विषयात न लटकता. आज्याने मिठागरात जन्म काढला, बाबांनी ट्रक चालवला, आणि मी पदवी आणली. ती बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावली आहे. देवांचे फोटो तिच्या दोन बोटं खाली आहेत. (आईने तक्रार केली. मी म्हटलं, वरचा खिळा आधीचाच आहे, त्याला मी काय करू?)

साहजिकच पोयनाडच्या अलीकडे आमच्या गावात कुणाच्याही घरी फॉर्म आला की तो माझ्या ओटीवर येतो. रेशनकार्ड असो, गॅसचं नाव बदलणं असो, सगळं मीच भरतो. त्यामुळे धाकट्या बहिणीला, सायलीला, नीटमध्ये उत्तम मार्क पडले आणि मेडिकल कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

सायलीचं सगळं ठरलेलं होतं. ती सहावीत असताना आजारी आज्याला घेऊन आम्ही मांडव्याहून बोटीने मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात गेलो, तिथेच शिकायचं. ते पहिलं. नाहीच मिळालं तर अलिबाग, घरचा डबा नेता येईल. मग पुणं, नाशिक, आणि अगदी शेवटी, यादी भरलेली दिसावी म्हणून, चंद्रपूर. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, "तुझे मार्क असे आहेत, की पहिलं टाकशील ते मिळणार. नीट विचार करून टाक."

फॉर्मचा शेवटचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत मुदत. आणि त्याच दिवशी मामाच्या मुलीची हळद! करवली सायली. तिने सकाळी माझ्या हातात कागद ठेवला.

"दादा, जशीच्या तशी भर. डोकं लावू नकोस."

"अगं, डोकं लावायलाच तर शिकलो मी!"

पोयनाडच्या सायबरमध्ये म्हात्रेकाकांच्या शेजारी बसलो, कागद उघडला, आणि बघतो तर काय! मुंबई सगळ्यात वर! उघड उघड!

इथे आमच्या आईची मासळी, तिच्या भाषेत मावरं, घ्यायची रीत सांगायला हवी. बाजारात तिला सुरमई हवी असेल, तर ती सुरमईकडे ढुंकून बघत नाही. आधी बोंबील उचलते. मग मांदेली. "काय गो, परवाची हाय काय?" करते. आणि उठता उठता, सहज, "ही कशी दिली?" सुरमईला तिचं मन कळलं की भाव चढला. लहानपणापासून पिशवी धरून मागे उभा राहून मी ही विद्या शिकलो. बी.कॉम.ला मार्केटिंगच्या पेपरात हेच लिहिलं होतं. (चौऱ्याहत्तर मार्क!)

आता आमची पोर सरकारपुढे जाऊन पहिल्या झटक्यात सुरमईवर बोट ठेवणार?

मी अख्खी यादी उलटी भरली. चंद्रपूर एक नंबर, मुंबई तळाला, जणू काही पडून आहे तिकडे.

म्हात्रेकाका चष्मा वर करून म्हणाले, "अरे, हवं ते वर टाकायचं ना?"

"काका, तुमचं शिक्षण किती?"

"धावी."

"मग!"

काकांनी चष्मा खाली केला. आता राहिलं शेवटचं लाल बटण, पसंतीक्रम कायम करा; ते दाबलं की यादी लॉक, मग बदल नाही. माझा हात माऊसवरून मागे आला. कारण आईच्या विद्येचा दुसरा भाग असा, की पहिल्या बोलण्यात सौदा पक्का करायचा नाही. पाठ फिरवायची, दहा पावलं चालायचं. मागून हाक येतेच! मी बटण न दाबता उठलो. सरकारला जरा तळमळू दे.

हळदीच्या मांडवात पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. बँजो जोरात, सायली कोपरापर्यंत पिवळी.

"दादा, भरलास?"

"असा भरलाय, की सरकारला पत्ता नाही तुला काय हवंय!"

मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. सायलीच्या चेहऱ्यावरची हळद तेवढी पिवळी राहिली, बाकी चेहरा पांढरा पडला.

"दादा! चंद्रपूर पयलं? तेच मिलंल ना मला!"

आईने ऐकलं आणि हातातली हळदीची वाटीच आपटली. "अरे बाला, मी मावऱ्याचं सांगते! कालिजाला काय खवलं हायत?"

"आणि लॉक? लॉक पण केलंस?" सायली रडायच्या बेतात.

"न्हाय. हाक मारतील म्हणून थांबलोय."

ती मला मांडवाबाहेर ओढत ओरडली, "गाडी काढ!"

गाडी काढली. गावाच्या वेशीवर नवरदेवाकडची माणसं उष्टी हळद घेऊन वाजतगाजत येत होती. अख्खा रस्ता नाचत होता! हॉर्न दिला, त्यांना वाटलं बँजोला साथ देतोय. करवली समोरून आलीय म्हटल्यावर कोण सोडतंय? "नाचल्याबिगर जायचं न्हाय!" सायली नाचली. डोळ्यांत पाणी आणि हात वर. मीही नाचलो, गाडी स्टँडला लावून, घड्याळाकडे बघत. पाच एकतीस.

म्हात्रेकाका शटर ओढत होते. सायलीला बघून त्यांनी न विचारता पुन्हा वर ढकललं.

"मी बोल्लो होतो," एवढंच म्हणाले. धावी पास माणूस!

साइट गोल गोल फिरत राहिली. सायलीने पिवळ्या बोटांनी मुंबई तळातून उचलली, एकेक पायरी वर. पाच बावन्नला ती एक नंबरवर बसली. लाल बटण तिनेच दाबलं. मला माऊसपासून चार हात लांब उभं केलं होतं. (काकांचा तो माऊस अजून पिवळा आहे. गिऱ्हाइकांना ते कारणासकट दाखवतात.)

बाहेर आल्यावर ती पायरीवर मटकन बसली, रडली, मग हसायलाच लागली. "दादा, तुझा एक येडेपणा दुसऱ्याच्या आड आला म्हणून वाचले."

यादी लागली. मुंबई! मांडव्याच्या धक्क्यावर तिला सोडायला गेलो, तेव्हा बोटीत चढता चढता तिने हात हलवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खाऱ्या वाऱ्याने.

अजूनही गावातली पोरं सल्ल्याला माझ्याकडेच येतात. आईच पाठवते. परवा शेजारची पोरगी इंजिनिअरिंगच्या कॉलेजांचं विचारायला आली. मी पदवीखाली बसून तासभर समजावून यादी दिली. ती दारात गेली, तर आई हळूच तिला म्हणाली,

"चांगला सांगतो तो, शिकलेला हाय. फकस्त खालून वर वाच."