फळ्यावरचं चुकलेलं नाव

१९८८ साली मी बेचाळीस वर्षांचा होतो. आज शाळेच्या ऑइलपेंटचा वास आला अन् ते साल आठवलं. आमच्या शाळेनं तालुक्यात खो-खो जिंकला, स्कॉलरशिपला माझी मंदा पहिली आली. गुणवंतांच्या फळ्यावर पेंटरनं तिच्या नावापुढं माझं नाव 'दादू'ऐवजी 'दगडू' रंगवलं. मी दोन यत्ता शिकलेला, पण माझं नाव मला वाचता येतं. दुरुस्त केल्याशिवाय सत्काराला येणार नाही, असं हेडमास्तरांना म्हणालो.

सत्काराच्या दिवशी शाळेचा कर्णा शेतात ऐकू येत होता. "मंदाचे वडील आलेत का?" दोनदा विचारलं. मी बांधावरून हललो नाही.

संध्याकाळी मंदा म्हणाली, "आण्णा, नाव तर माझं पुकारलं हुतं."

आता घरात एकटा असलो की स्टेजवर एकटी उभी मंदा दिसते.

तेव्हा सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घालून शाळेच्या मांडवात जाऊन बसलो. मांडववाले खुर्च्या उचलत होते.